लॉकआऊट टॅगआऊट किट: प्रेस शॉपमध्ये वापरून काय टिकलं, काय पडून राहिलं

लॉकआऊट टॅगआऊट म्हणजे मशीनवर काम करताना तिचा सप्लाय बंद करून त्या स्विचला किंवा व्हॉल्व्हला आपलं कुलूप आणि नावाची चिठ्ठी, म्हणजे टॅग, लावायची, की दुसरं कुणी ती चालू करू नये. त्या सामानाच्या पेटीबद्दल हे लिहितोय. आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई आहे त्याचं काम होईल. कुलपं एक नंबर, हॅस्प (एकाच स्विचवर अनेक कुलपं लावायची पट्टी) चांगले, एमसीबीचे (पॅनलमधल्या ट्रिप होणाऱ्या छोट्या स्विचचे) क्लिप काही पॅनलला बसतात काहींना नाही, हवेच्या लाइनसाठी जे दिलंय ते आमच्याकडे पडूनच आहे आणि टॅग वेगळे छापून घ्यावे लागले. 5 पैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कापला कारण पेटी भरणाऱ्याने मशीनची एनर्जी म्हणजे फक्त करंट असं धरलंय, आणि पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनमध्ये, मेन बंद केल्यावरसुद्धा बरंच काही जिवंत राहतं.

आमचं शॉप चाकणच्या बाजूला आहे, शीट मेटलचं काम, मी मेंटेनन्स बघतो. मेकॅनिकल प्रेस आहेत, त्यात काही जुन्या की-क्लचवाल्या (धातूच्या कीने गुंतणारा क्लच), काही एअर क्लच-ब्रेकवाल्या (हवेवर चालणारा), एक हायड्रोलिक, शिअरिंग मशीन, स्क्रॅपचा कन्व्हेयर आणि कॉम्प्रेसर. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण या किमतीतल्या पेट्या सगळ्यांच्या थोड्याफार फरकाने सारख्याच भरलेल्या असतात, त्यामुळे मी जे लिहितोय ते तुम्ही दुसऱ्या कुणाची घेतली तरी लागू पडेल. पेटी साधारण आठ हजाराच्या आत पडली. आत लाल कुलपं, दोन हॅस्प, एमसीबीचे तीन-चार प्रकारचे क्लिप, एमसीसीबीचा, म्हणजे मोठ्या ब्रेकरचा, क्लॅम्प, एक केबल लॉकआऊट, बॉल व्हॉल्व्हचं एक, गेट व्हॉल्व्हचं एक, टॅगचा गठ्ठा, मार्कर आणि कमरेला लावायचं पाउच.

कुलपांबद्दल सविस्तर लिहितो कारण खरा पैसा तिथेच आहे. नायलॉनची बॉडी, 6 एमएमचा शॅकल, म्हणजे कुलपाची वरची वाकडी दांडी, 38 एमएम उंची. मी पेटीतली काही कुलपं स्टीलच्या शॅकलची आणि पॅनलच्या आत लावायची काही नायलॉन शॅकलची मागून घेतली, कारण पॅनलमध्ये काम करताना हातातून कुलूप सटकून बसबारवर, म्हणजे करंटच्या उघड्या पट्टीवर, पडलं तर स्टीलचा शॅकल काय करेल ते इलेक्ट्रिशियनला वेगळं सांगायला नको. बॉडी पण स्टीलची नाही हे त्याचसाठी चांगलं. हातात हलकं लागतं म्हणून आमचे काही लोक सुरुवातीला म्हणाले की हे काय खेळणं आहे, पण तेलात, ऑइली चिंध्यांमध्ये, पावसाळ्यात दारातून येणाऱ्या ओलीत राहूनही एकाही कुलपाचा सिलिंडर अडकला नाही, आणि नेहमीच्या लोखंडी कुलपांना आमच्याकडे दोन पावसाळ्यांत गंज चढतो. दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे कुलूप उघडं असताना चावी निघतच नाही, त्यामुळे माणूस कुलूप उघडं लटकवून चावी खिशात टाकून निघून जाऊ शकत नाही.

आता महत्त्वाचं. ऑर्डर देताना सप्लायर विचारेल की केडी पाहिजे का केए, म्हणजे प्रत्येक कुलपाची चावी वेगळी का सगळ्यांची एकच. सरळ केडी सांगा. आमच्या सप्लायरचा माणूस फार आग्रह करत होता की साहेब केए घ्या, चाव्या सांभाळायला सोपं जातं, वर एक मास्टर की पण फुकट देतो. नको म्हणालो. ही सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे, एक माणूस, एक कुलूप, एक चावी, आणि ती चावी त्याच माणसाच्या खिशात. मी मशीनच्या आत अर्धा वाकलेला असताना माझं कुलूप उघडू शकणारी चावी दुनियेत दुसऱ्या कुणाकडे असेल तर त्या कुलपाला अर्थ नाही. मास्टर की सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये असली की रात्री अकराला प्रॉडक्शन अडकल्यावर ती बाहेर निघणारच, हे कुठल्याही कंपनीत काम केलेल्या माणसाला माहितीये.

मग माणूस कुलूप लावून घरी निघून गेला तर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. त्याची पद्धत ठरलेली आहे आणि ती बरोबर आहे. आधी खात्री करायची की तो माणूस खरंच आवारात नाही, गेटच्या रजिस्टरवर बघायचं, मग त्याला फोन लावायचा, मग मशीनच्या आत कुणी नाही, पाना-बिना राहिला नाही ते बघायचं, इन-चार्जने सही करून कुलूप कापायचं, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी कामाला हात लावायच्या आधी त्याला सांगायचं की तुझं कुलूप काढलंय. हा शेवटचा भाग लोक विसरतात. त्याच्या डोक्यात मशीन अजून बंदच असते ना.

हॅस्प म्हणजे ती कात्रीसारखी पट्टी, आयसोलेटरच्या, म्हणजे सप्लाय तोडणाऱ्या स्विचच्या, भोकात अडकवायची आणि तिच्या सहा भोकांत सहा जणांनी आपापली कुलपं लावायची, शेवटचं कुलूप निघेपर्यंत ती उघडत नाही. आमच्याकडे डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलताना किंवा मोठ्या ब्रेकडाऊनला फिटर, इलेक्ट्रिशियन, डाय सेटर आणि एखादा हेल्पर असे चौघं एकाच मशीनवर असतात, तर चौघांची चार कुलपं. हेल्परचं पण. हेल्परला कुलूप द्यायची आमच्याकडे आधी कुणाची तयारी नव्हती, तो काय पाना धरून उभा असतो असं म्हणायचे, पण पाना धरणाऱ्याचा हातच सगळ्यात आत असतो. कॉन्ट्रॅक्टचा माणूस असो, एएमसीवाल्यांचा सर्व्हिस इंजिनिअर असो, गेटवर व्हिजिटर पाससोबत कुलूप मिळालंच पाहिजे. शिफ्ट बदलताना पण हॅस्पचा फायदा दिसतो, येणारा माणूस आपलं कुलूप आधी लावतो, मग जाणारा आपलं काढतो, मधल्या काळात मशीन एक सेकंदही मोकळी राहत नाही. पेटीतले हॅस्प स्टीलचे आहेत, लाल प्लॅस्टिकचं कोटिंग आहे, ते जबड्याजवळ सोलतंय पण कामाला काही अडचण नाही. एक 25 एमएम जबड्याचा आणि एक 38 चा, आमच्या जुन्या मेन स्विचला 38 चाच बसतो. दोन हॅस्प कमी पडतात, किमान चार पाहिजेत.

एमसीबीचे क्लिप. यात पिन आत जाणारे, पिन बाहेर जाणारे आणि टाय-बारवाले असे प्रकार असतात, आणि कुठला बसेल ते एमसीबीच्या खटक्याच्या बाजूला भोक आहे का, कुठल्या अंतरावर आहे त्यावर ठरतं. आमच्या नवीन पॅनलला मस्त बसले. जुन्या पॅनलमध्ये भोकंच नाहीत तिथे टाय-बारवाला कसाबसा बसतो आणि ओढला तर हलतो, मला तो पटला नाही, तिथे आम्ही वरच्या एमसीसीबीलाच कुलूप लावतो. आणि एक गोष्ट खरेदीच्या आधी बघून घ्या, पॅनलच्या दारावर जो रोटरी हँडलचा आयसोलेटर असतो त्याच्यातच कुलपाची जागा दिलेली असते, ऑफला फिरवला की खाच बाहेर येते. आमच्या बऱ्याच मशीनला ही सोय पहिल्या दिवसापासून होती, कुणी वापरत नव्हतं एवढंच. तिथे वेगळा क्लिप लागतच नाही, फक्त कुलूप पाहिजे.

आणि इमर्जन्सीबद्दल इथेच लिहून टाकतो कारण याच्यावरून आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झाला. इमर्जन्सी दाबून आत हात घालणं म्हणजे मशीन बंद करणं नाही. ते लाल बटण कंट्रोल सर्किट तोडतं, कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा सप्लाय जोडणारा स्विच, पडतो, पण मेन पॉवर पॅनलपर्यंत तशीच उभी असते, कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेले असले किंवा पलीकडून कुणी बटण फिरवून रीसेट केलं तर तुमच्यात आणि मशीनमध्ये काहीच उरत नाही. आमचे एक सीनियर डाय सेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, तीस वर्षांचा हात आहे, ते म्हणायचे, "अरे पाच मिनिटांच्या कामाला कुलूप कशाला, इमर्जन्सी दाबलीये ना." मी म्हटलं, "मामा, तुम्ही दाबलीये, पण तुम्ही आत असताना ती दाबलेलीच राहील हे कोण बघणार?" ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून स्वतःचं कुलूप सही करून घेऊन गेले. हे मी का रेटतो तेही सांगतो, आधी एका ठिकाणी होतो तिथे इलेक्ट्रिशियनने स्विच खाली केला, चिठ्ठी वगैरे काही नाही, पलीकडच्या माणसाला वाटलं ट्रिप झालंय, त्याने वर केला. आत हात असलेल्या मुलाचं वय बाविस-तेविस असेल. चार बोटं गेली. दोघांपैकी कुणाची नियत वाईट नव्हती, स्विचवर एक कुलूप असतं तर झालंच नसतं.

आता जिथे ही पेटी कमी पडते ते.

पहिली गोष्ट फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड फिरतं चाक. मेकॅनिकल प्रेसची मोटर बंद केली, कुलूप लावलं, तरी फ्लायव्हील फिरतच असतं आणि त्यात एक स्ट्रोक मारायला पुरेल एवढा जोर शिल्लक असतो. जुन्या की-क्लचच्या प्रेसमध्ये तर पेडल दबलं आणि की गुंतली की रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येणारच, मध्ये थांबवता येत नाही. यासाठी पेटीत काही नाही आणि असूही शकत नाही, यावर उपाय एकच, फ्लायव्हील पूर्ण उभं राहीपर्यंत हात लावायचा नाही. आम्ही प्रत्येक प्रेसचं फ्लायव्हील थांबायला किती वेळ लागतो ते मोजून मशीनवरच पेंटने लिहिलंय.

दुसरी गोष्ट रॅमचं वजन. रॅम वर असताना डायमध्ये काम करायचं असेल तर सेफ्टी ब्लॉक लागतो, आमच्याकडे काही जण त्याला ठोकळा म्हणतात. तो रॅम आणि वरच्या डायचं वजन पेलायला असतो, प्रेसच्या पूर्ण टनेजचा स्ट्रोक त्याच्यावर आला तर ब्लॉक तुटून उडेल, म्हणून चांगल्या ब्लॉकला साखळीने प्लग जोडलेला असतो, ब्लॉक त्याच्या ठेवायच्या जागेवरून काढायचा तर प्लग उपसावा लागतो आणि प्लग उपसला की मोटरचा सप्लाय तुटतो. हे असले ब्लॉक आम्ही वेगळे बनवून घेतले. लाकडी ओंडका लावून काम करणारी शॉप मी बघितली आहेत, कृपा करून तसं करू नका.

तिसरी हवा, आणि इथे मी पेटीवर खरंच नाराज आहे. बॉल व्हॉल्व्हचं जे लॉकआऊट दिलंय ते लांब दांड्याच्या व्हॉल्व्हसाठी आहे, आमच्या मशीनवर फुलपाखरासारखी छोटी चावी असलेले अर्धा इंची व्हॉल्व्ह आहेत, त्याला ते बसतच नाही. पण बसलं असतं तरी प्रश्न सुटत नव्हता, कारण साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला की येणारी हवा थांबते, पुढे सिलिंडरमध्ये आणि टाकीत अडकलेली 6 बारची हवा तिथेच राहते. लाइनला पाहिजे ती कुलूप लावता येणारी थ्री-वे व्हॉल्व्ह, जी बंद करताना पुढची हवा बाहेर सोडून देते, एफआरएल युनिटच्या (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) आधी बसते. ती आम्ही सुटी मागवली आणि सगळ्या खरेदीत मला तीच सगळ्यात आवडली, फिरवली की फुस्स आवाज येतो आणि गेज शून्यावर, माणसाला कानाने कळतं. फक्त एक काळजी घ्या, ज्या प्रेसला काउंटरबॅलन्सचे सिलिंडर आहेत तिथे ती हवाच रॅमचं वजन तोलून धरत असते. आधी ब्लॉक लावा, मग हवा सोडा. उलटं केलं आणि ब्रेक ढिला निघाला तर रॅम खाली येईल. हा क्रम कुठल्याही किटच्या माहितीपत्रकात मला दिसला नाही.

हायड्रोलिक प्रेसला अॅक्युम्युलेटर आहे. पंप बंद, कुलूप लावलेलं, तरी गेजवर प्रेशर दिसतं, कारण आत नायट्रोजनचा फुगा तेलाला दाबून धरतोय. ते टाकीत सोडून गेज शून्यावर आणल्याशिवाय नळी सोडायची नाही, बारीक भोकातून उडालेलं तेल कातडीच्या आत घुसतं आणि बाहेरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल. व्हीएफडीचं, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं, तसंच, 415 व्होल्टच्या सप्लायवर आतल्या डीसी बसला साडेपाचशेच्या वर व्होल्ट असतात आणि मेन बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटं लागतात, ड्राइव्हवर वेळ छापलेली असते तेवढं थांबा आणि मग मोजा.

मोजण्यासाठी पेटीत टेस्टर नाही, तो चांगला घ्या. पद्धत अशी की आधी चालू लाइनवर टेस्टर लावून तो चालतोय ते बघायचं, मग बंद केलेल्या ठिकाणी, मग परत चालू लाइनवर, नाहीतर मेलेला टेस्टर पण सगळीकडे करंट नाही असंच दाखवतो. आणि कुलूप लावून झाल्यावर सगळ्यांना बाजूला करून एकदा स्टार्ट बटण दाबून बघायचं. मशीन हललं नाही तर कामाला लागा, आणि बटण परत न्यूट्रलला आणून ठेवा. आमच्याकडे याच एका टेस्टमध्ये कन्व्हेयर सुरू झाला होता, कारण त्याचा सप्लाय शेजारच्या पॅनलमधून ओढलेला निघाला, ड्रॉइंगवर तसं कुठेच नव्हतं.

टॅगबद्दल. इंग्रजीत डेंजर आणि पुढे दोन ओळी, बास. आमच्याकडे अर्धी पोरं बिहार-यूपीची, बाकीची बीड, लातूर, नांदेडकडची, तर आम्ही मराठी-हिंदी दोन्हीत टॅग छापून घेतले, माणसाचा फोटो, नाव, डिपार्टमेंट आणि मोबाईल नंबरची जागा. फोटोचा फार फरक पडला. कागदावर डेंजर लिहिलंय ते लोक रोज बघतात, पण आपल्यासोबत चहा पिणाऱ्या माणसाचा फोटो स्विचवर लटकत असेल तर हात थांबतो. पेटीतला मार्कर तेलाच्या हाताने पुसला जातो, लॅमिनेशन करून घ्या. टॅग बांधायला पातळ दोरी देऊ नका, अमेरिकेच्या नियमात टॅगच्या बांधणीला किमान 50 पाउंड, म्हणजे 22 किलोच्या वर ताण झेलायला पाहिजे असं आहे, जाड नायलॉनचा केबल टाय चालतो. आणि नुसता टॅग म्हणजे कुलूप नव्हे, तो फक्त सांगतो, अडवत नाही.

पाकिटावर मोठ्या अक्षरात ओशा अप्रूव्ह्ड असं छापलंय, त्याला भुलू नका. ओशा ही अमेरिकेतली सरकारी संस्था, तिचा 1910.147 नंबरचा नियम 1989 साली आला, सगळं जग त्याच्यावरूनच शिकतं आणि मी पण तो डाऊनलोड करून वाचलाय, खरंच चांगला लिहिलाय, या नियमाने तिकडे वर्षाला 120 च्या आसपास मृत्यू आणि 50,000 इजा टळतात असा त्यांचाच अंदाज आहे. पण ती संस्था कुलपं-बिलपं पास करून शिक्का देत नाही. कुलूप कसं असावं ते नियम सांगतो, टिकाऊ, एकसारख्या रंगाचं किंवा आकाराचं, कुणाचं आहे ते कळणारं, आणि दुसऱ्या कुठल्याच कामाला न वापरलेलं. म्हणून ही लाल कुलपं लॉकरला किंवा स्टोअरच्या कपाटाला लावायची नाहीत, आमच्याकडे एकाने डब्याच्या लॉकरला लावलं होतं, ते त्याच दिवशी काढायला लावलं. आणि हे सगळं परदेशी फॅड आहे असं मॅनेजमेंट म्हणत असेल तर त्यांना आपला 1948 चा कारखाने अधिनियम दाखवा, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण त्याच्या कलम 24 मध्येच लिहिलं होतं की पॉवर तोडणारं साधन चुकून ऑफवरून ऑनला जाऊ शकत असेल तर ते सुरक्षित स्थितीत लॉक करायची सोय पाहिजे. मी हे कलम प्रिंट काढून पर्चेसला दिलं आणि थ्री-वे व्हॉल्व्हची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, त्याच आठवड्यात निघाली.

सप्लायरची सर्व्हिस म्हणाल तर माल वेळेवर आला, बदलून मागितलेली कुलपं कटकट न करता दिली. ट्रेनिंग मात्र नावाला होतं, त्यांचा माणूस डेमो बोर्ड घेऊन आला, अर्ध्या तासात सगळे क्लिप लावून दाखवले आणि सगळ्यांचा ग्रुप फोटो काढून गेला. आमच्या एकाही मशीनसमोर उभा राहिला नाही. खरं काम तिथेच असतं, प्रत्येक मशीनचं वेगळं पान करायचं, पॉवर कुठून येते, हवा कुठून, काय खाली पडू शकतं, काय फिरत राहतं, कुठलं कुलूप कुठे, कुठल्या क्रमाने, आणि शेवटी काय करून बघायचं. ती पानं आम्ही मामा आणि दोन फिटर सोबत बसवून केली, मामांना जे माहिती होतं ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. आता पानं मशीनवर लटकवली आहेत आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येक पान माणसाला करायला लावून तपासायचं ठरलंय.

परत घ्यायची वेळ आली तर मी अख्खी पेटी घेणार नाही. सुटी केडी कुलपं माणशी एक, इलेक्ट्रिशियनला दोन-तीन, 38 चे हॅस्प, थ्री-वे व्हॉल्व्ह, एक केबल लॉकआऊट जे एकाच वेळी तीन-चार व्हॉल्व्हच्या चाकांतून ओवता येतं आणि जे या पेटीतलं खरंच कामाचं निघालं, आणि सेफ्टी ब्लॉक आपल्या टूलरूममधून, डिझाइन चेक करून. ज्यांची मशीन फक्त इलेक्ट्रिक आहेत, पॅकिंग लाइन, छोटे कन्व्हेयर, त्यांना ही पेटी आहे तशी चालेल, बिनधास्त घ्या. प्रेस, मोल्डिंग, हायड्रोलिक असेल तर आधी एक चक्कर मारून प्रत्येक आयसोलेटरचा आणि व्हॉल्व्हचा फोटो काढा, बाजूला स्टीलची पट्टी धरून, म्हणजे साइज दिसेल, आणि तो सप्लायरला पाठवून मगच ऑर्डर द्या. नुसतं अर्धा इंची सांगितलं की लांब दांड्यावालंच येतं.